सरदाराची घाई

कादंबरीतल्या सरदारावर माझा पहिल्यापासून विश्वास बसला नाही.

सोमवारी त्यानं नायिकेला नदीच्या घाटावर पाहिलं आणि शुक्रवारी लग्न. का, तर मोहिमेवर निघायचंय. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. "काय जीव जडला असेल गं!" म्हणाल्या. मी पान उलटलं, पण मन काही पुढं जाईना.

बाई निवृत्त शिक्षिका; अंबाजोगाईत त्यांच्याकडं मी घरकामाला आहे. बाईंची नजर गेली तसं वाचून दाखवायचं कामही माझ्याकडं आलं. माझी शाळा सातवीत सुटलेली. जोडाक्षर आलं की मी अडखळायचे, पण बाई एकदाही हसल्या नाहीत. ते मी विसरणार नाही. म्हणूनच त्यांच्या आवडत्या पुस्तकाला नाव ठेवायची भीती वाटायची. जा म्हणाल्या तर परत कड्याकडं, आमच्या गावाला, आणि पुन्हा ऊसतोड.

एका दुपारी त्यांनीच विचारलं, "तुला सरदार आवडलेला दिसत नाही."

"तसं न्हाई, बाई…"

"बोल की मग."

"त्याला बायको पाहिजे, का जोडी?"

त्यांना कळलं नाही. मग सांगितलं. ऊसतोडीला नवराबायको मिळून एक कोयता. एकटा पोरगा म्हणजे अर्धा, त्याला टोळीचा मुकादम लवकर घेत नाही. म्हणून दसरा जवळ आला की बिनलग्नाच्या पोरांचे घरचे पोरी बघत धावत सुटतात. मोळ्या बांधायला, वाहायला, पाचटाच्या कोपीत भाकरी थापायला कुणीतरी पाहिजे ना. माझंही असंच चार दिवसांत उरकलं होतं. तीन हंगाम काढले, चौथ्याला निघून आले.

"तुमच्या सरदाराच्या छावणीतबी शंभर माणसांचा सैपाक हाय," मी म्हणाले. "साठ पानं झाली, जेवलीस का म्हणून त्यानं तिला एकदाबी विचारलं न्हाई."

बाई चिडल्या. "अगं, ऐतिहासिक आहे ते. तेव्हा तसंच असायचं."

दोन दिवस त्यांनी पुस्तक काढायला सांगितलं नाही. मी भांडीसुद्धा आवाज न करता घासली.

तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला. माझी धाकटी बहीण नववीत. तिला स्थळ आलं होतं.

"लई चांगलं पोरगं हाय. येत्या सोमवारी उरकायचं म्हणत्यात."

"एवढी घाई कावून, आई?"

"आता कारखान्यावर जायचं न्हाई का त्याला!"

फोनवरचं सगळं बाहेर ऐकू येत होतं. शेजारी बसलेल्या बाईंनी हात पुढं केला. "फोन दे इकडं." आणि माझ्या आईला म्हणाल्या, "काय हो, जावई मोहिमेवर निघालेत का?"

आईला काय कळणार! पण पुढचं कळलं. वर्गात बोलतात त्या आवाजात बाईंनी सांगितलं, की लग्न लावलंत तर पोलिसांना मी स्वतः कळवीन, आणि नाही लावलंत तर पोरीची शाळा माझ्याकडं. पलीकडून नुसतं "हां बाई, हां बाई."

रविवारी आईनं तिला अर्ध्या वाटेवर, मांजरसुंब्यापर्यंत आणून सोडलं; मी न्यायला गेले होते. आईनं माझ्याकडं न बघताच भाकरीचं गाठोडं तेवढं हातात दिलं.

आता शाळेतून आली की धाकटीच वाचून दाखवते, माझ्यापेक्षा भरभर. काल मध्येच थांबून म्हणाली, "ताई, सरदार किती चांगला हाय गं!"

बाई माझ्या दिशेला तोंड करून हसल्या.

"जेवलीस का म्हणून विचारलं का त्यानं?" मी म्हटलं. "नीट बघ."

ती मागची पानं चाळायला लागली.