कोकराची ऊब

आमच्या मेंढपाळांच्या वस्तीत होर्लोताई येतात त्या खटारा मोटरसायकल, औषधाची पेटी आणि तिखट जीभ घेऊन. दूरच्या मुलखातून तीस वर्षांपूर्वी आलेल्या. सगळ्यांची बाळंतपणं त्यांनीच केली, पण तिसऱ्या दिवशीच्या अंघोळीला कधी थांबल्या नाहीत. लोक शिष्ट म्हणायचे, मीही म्हणायचे.

माझा मुलगा साडेसात महिन्यांतच, वसंतातल्या बर्फाळ वावटळीत, तंबूतच झाला. मी तापाने फणफणलेली. रस्ता बंद, म्हणून बाळंतपणाला आलेल्या होर्लोताईही अडकल्या. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी मेंढीची हाडं उकळून कढण केलं. त्यात न्हाऊ घातल्याशिवाय आमच्यात बाळाला नाव ठेवत नाहीत. शेजारच्या तंबूंतले पाहुणेही जमले.

होर्लोताईंनी बाळाच्या पावलांना हात लावला. पावलं गार होती.

"आई, आज अंघोळ नाही."

"मोठी शहाणी!" सासूबाई म्हणाल्या. "चुलीला चिकटून तर बसलोय."

"ओल्या अंगावरची ऊब उडून जाते. याच्या अंगावर चरबी नाही. याला धड कुडकुडताही येत नाही, गपचूप थंड पडेल."

"मग काय बिननावाचा ठेवू?"

"ठेवा. अवेळी झालेलं कोकरू वाऱ्यात सापडलं, तर न्हाऊ घालता?"

"वेडी की खुळी! डगल्यात घालते, छातीशी."

"मग?"

सासूबाईंनी बाळाकडे पाहिलं. होर्लोताई हळूच म्हणाल्या, "माझा पहिला आठव्यात झाला होता. मीच न्हाऊ घातला, याच हातांनी. संध्याकाळी गेला."

हे आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

सासूबाईंनी कढण बाजूला सारलं. बाळाला टोपी घातली, उघडंच छातीवर घेतलं आणि डगल्यावरून पट्टा आवळला. बसूनच झोपल्या, बसूनच चहा प्यायल्या. दुसऱ्या दिवशी रस्ता खुला होऊन दवाखान्याची गाडी आली, तेव्हाही उतरवलं नाही.

"या वयात पोटुशी दिसतेय गं मी," ड्रायव्हरकडे बघत मला म्हणाल्या.

दोन महिन्यांनी बाळ गुटगुटीत झालं, तेव्हा पुन्हा कढण केलं. होर्लोताई नेहमीसारख्या मोटरसायकलकडे निघाल्या. सासूबाईंनी त्यांची बाही धरली.

"कुठं पळतेस? आज तूच घालायचीस."

होर्लोताईंनी कढणात कोपर बुडवून पाहिलं. पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदाही पाहिलं. मग बाळाला हातांवर घेऊन कढणात धरलं आणि हमसून हमसून रडल्या. बाळ मजेत पाय मारत होतं.