डालग्याखालची पाहुणी

लग्नात आम्हाला लेमन सेट इतके आले की पुढची काही वर्षं आम्ही तेच दुसऱ्यांच्या लग्नांत देत राहिलो. फिरवता न येणारी भेट एकच होती. माझ्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी दिलेलं कॅटलियाचं रोप. हे ऑर्किडच. कुंडीत हिरव्या, फुगीर दांड्या, प्रत्येकीच्या टोकाला चामड्यासारखं जाड पान, आणि माती औषधालासुद्धा नाही. नुसता कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाचं सोडण. "हिवाळ्यात फुलेल, घाई करू नकोस," एवढं सांगून बाई पंगतीत जाऊन बसल्या.

मी साताऱ्याकडची. वडील वाशीच्या मार्केटात, कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर. नवरा करावे गावातला, खाडीत होडी घालणाऱ्या घरचा. नव्वदीच्या सुरुवातीला असं लग्न आपल्या मनानं करणं म्हणजे दोन्हीकडच्या नातेवाइकांच्या वर्षभराच्या गप्पांची सोय. माझ्या माहेरचे लग्नाला आले, पण कारलं चावल्यासारखी तोंडं करून.

सासरी मात्र मला कुणी छळलं नाही. उलट फार जपलं, आणि त्याचाच मला राग यायचा. मी मोरळीवर, म्हणजे विळीवर, बसायला गेले की सासूबाई म्हणायच्या, "राहू दे गो, तुज्या हाताला वास येल." मासे साफ करायचे त्यांनी, कोळंबी सोलायची त्यांनी, आणि मी शाळेत शिकवून आले की माझ्यापुढं ताट. शेजारच्या सुनेला तिची सासू गल्लीभर ऐकू जाईल अशा शिव्या घालायची, आणि मला त्या सुनेचा हेवा वाटायचा. शिव्या घरच्या माणसाला मिळतात. मला चहा मिळायचा, तोही बशी खाली ठेवून.

रोपाचंही तसंच. ते मी घरापुढच्या ओट्यावर, लाकडी खांबाशी ठेवलं होतं, कारण कॅटलियाला हवं तसं कोवळं ऊन सकाळी तिथंच यायचं. सासूबाईंनी त्याला बघून घेतलं आणि नाव ठेवलं, 'पावनी', म्हणजे पाहुणी. रोज विचारपूस व्हायची. "तुजी पावनी काय बोलते? कोलसा पुरतो का तिला?"

एक दिवस मी घरी आले तर पाहुणीच्या मुळांवर कोळंबी धुतलेलं पाणी. त्या गावात अळूपासून नारळापर्यंत सगळ्यांना तेच मिळायचं, मग पाहुणीला वगळायचं कसं? मी नाक धरून थयथयाट केला, आणि महिन्याभरात रोपाला अंगठ्याएवढे जाड नवे कोंब फुटले. त्यानंतर मी त्या पाण्याबद्दल तोंड उघडलं नाही. पांढरी मुळं कुंडीबाहेर पडली, खांबावर चढली आणि लाकडाला अशी चिकटली की नखानंसुद्धा सुटेनात.

फूल मात्र नाही. एक हिवाळा गेला, दुसरा गेला. पाहुणी खाऊन-पिऊन तट्ट.

तिसऱ्या वर्षी गणपती उठले आणि सासूबाईंनी निकाल दिला. "फूल नाय, फल नाय, अर्धा ओटा अरवून बसलेय. शिमग्याला घराला रंग लावायचा हाय. तवर फूल आला नाय तं पावनीला म्हायेरी पाठवून दे."

त्या सहज बोलल्या होत्या. मला ते लागलं. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं, आणि तेच पाहुणं म्हणून परत निघालं होतं. सुनेला तर कुणी परत पाठवणार नव्हतं, हे कळत होतं. तरीही त्या रात्री मी नवऱ्याशी विनाकारण भांडले.

दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या पीसीओवरून मी बाईंना फोन लावला.

"ऊन?" बाईंनी विचारलं.

"सकाळचं."

"पाणी?"

"मुळं सुकल्यावरच."

"खत?"

मी आवाज बारीक केला. "कोळंबी धुतलेलं पाणी."

बाई मनापासून हसल्या. "झकास. आणि रात्री अंधार असतो ना?"

अंधार कुठला! पाहुणीच्या बरोबर डोक्यावर साठचा बल्ब होता, आणि तो तिन्हीसांजेपासून उजाडेपर्यंत जळायचा.

"तिथंच घोडं अडलंय," बाई म्हणाल्या. "या जातीला रात्र मोठी झालेली कळावी लागते, तेव्हाच ती कळी धरते. तुझ्या बल्बखाली तिचा बारा महिने उन्हाळा चाललाय."

मी जवळजवळ पळतच घरी आले. सासूबाई मोरळीवर होत्या. "आई, ओट्यावरचा दिवा रात्री बंद ठेवूया का?"

त्यांचा हात थांबला. "खारीन मानूस हाय आन् दारान अंधार ठेवाचा?"

खारीन म्हणजे खाडीत. माझे सासरे भरती-ओहोटी बघून तिकडं जायचे आणि तिच्याच वेळेनं परतायचे. कधी दुपारी, कधी पहाटे. बांधावरून गावाकडं वळलं की आमचा दिवा दिसायचा. पूर्वी तिथं कंदील असायचा, आता बल्ब होता, एवढाच फरक.

"पण आज बाबा घरीच आहेत," मी म्हटलं.

"मंग? दुसऱ्याचा मानूस नाय खारीन?"

बाजू लंगडी पडली की माझा आवाज चढतो, तसा चढला. सासूबाई म्हणाल्या, झाड रात्री आत ने. मी म्हटलं, खांबावरची मुळं तुटतील. मग मात्र त्या उसळल्या. "फुलासाठी दिवा मालवाचा? शाला शिकवतेस न् अक्कल गहान टाकलीस काय?" शेजारची सून दारात येऊन ऐकायला उभी राहिली.

मी आत जाऊन रडले. त्यांचं बरोबर होतं, म्हणून जास्तच रडू आलं. मधेच लक्षात आलं की ही आपल्याला मिळालेली पहिली शिवी. मग नीट रडताही येईना.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर सासूबाई ओट्यावर फतकल मारून बसलेल्या, हातात कोयता. पुढ्यात कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं, तेही नवंकोरं. त्याची एक बाजू त्यांनी खांब आत बसेल एवढी कापून काढली होती. आतून गोणपाट शिवलं होतं. चांगल्या डालग्याची वाट लागलेली बघून मी काही बोलणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "कोंबरी अंधार झाल्याबिगर निजत नाय. ही तरी कशी निजल?"

तेव्हापासून नेम ठरला. तिन्हीसांजेला आधी देवाचा दिवा, मग ओट्यावरचा बल्ब, मग पाहुणीवर डालगं. दिवा दिव्याच्या जागी, अंधार अंधाराच्या जागी. सकाळी डालगं उचलताना सासूबाई तिला हाक मारायच्या, "उठ गो, उजारला." येणारे-जाणारे विचारायचे, "नवी कोंबरी घेतली काय? अंडा देते का?"

"देल, देल," सासूबाई म्हणायच्या.

दिवाळी झाली आणि पानाच्या बेचक्यातून एक चपटं हिरवं पाकीट वर आलं. उन्हाच्या तिरिपेत वाकून पाहिलं तर आत डाळीच्या दाण्याएवढी सावली. सासूबाईंना ते पाकीट फोडून कळीला 'मोकली' करायची होती. मी त्यांचा हात धरला. आता भांडायला मला भीती वाटत नव्हती, आणि त्यांनाही. सगळा मार्गशीर्ष आम्ही त्या कळीवरून भांडत काढलं.

संक्रांतीनंतर, शिमगा अजून लांब असताना, एके सकाळी सासूबाईंनी डालगं उचललं आणि पुढची हाक मारलीच नाही. मी बाहेर धावले. तळव्याएवढं फूल, फिक्या जांभळ्या रंगाचं, कडा चुण्यांच्या. मधली पाकळी गर्द, जांभूळ खाल्लेल्या जिभेसारखी. सुक्या बोंबलांच्या वासातूनही त्याचा गोड वास येत होता. मी नाचले. खरोखरच नाचले, शाळेची साडी नेसून, भर ओट्यावर. सासूबाई हसून हसून खांबाला टेकल्या, आणि मग मुळं चिरडतील म्हणून दचकून सरकल्या.

सासरे पहाटेच खाडीत गेले होते, त्यांनी काही पाहिलं नव्हतं. संध्याकाळी बल्ब लागला. मी सवयीनं डालगं उचललं.

"आज नको झाकू," सासूबाई म्हणाल्या. "तुजा सासरा येल, त्याला दिसू दे."

थोड्याच वेळात ते आले. एका खांद्यावर जाळं, हातात कोळंबीची पाटी. पायरीशी थांबले आणि बल्बच्या उजेडात फुलाकडं बघत राहिले.

"कोनाचा लगीन हाय?"

"पावनीला फूल आला," सासूबाई म्हणाल्या.

"तिला तं म्हायेरी पाठवनार होतीस."

"कशी पाठवू? तिना आमचा खांब धरलाय." आणि मग माझ्याकडं वळून, चांगल्या खणखणीत आवाजात, "तू काय बगत उबी राहिलीस? ती पाटी घे आन् कोलबी सोलाला बस."

मी पाटी घेतली आणि आत जाऊन बसले.