लेफ्टनंटच्या कोटात उभा राहिलेला जेथ्रो

फालमथच्या बंदरात दोर वळणारा जेथ्रो पास्को अंगापिंडाने थेट लेफ्टनंट ह्यू ट्रेगॅरिकसारखा होता. म्हणूनच चित्रकार लाइलने त्याला बोलावून घेतलं. लेफ्टनंट मोहिमेवर निघाला तेव्हा चित्रात त्याचा चेहरा तेवढा रंगवून झाला होता. कोट, हात, बाकी सगळं परतल्यावर करायचं होतं. तो परतलाच नाही, आणि त्याच्या आईला चित्र पुरं करून हवं होतं.

त्या मोहिमेत जेथ्रो लेफ्टनंटच्याच जहाजावर खलाशी होता. त्याला चित्रासाठी जायचं नव्हतं, पण नाही म्हणायला कारण काय सांगणार?

"उद्यापासून साहेब होणार म्हणे," त्याची बायको लव्हडे म्हणाली. "मग घरात पाणी कोण भरणार?"

तो हसला नाही.

लेफ्टनंटच्या आई, ट्रेगॅरिकबाई, रोज चित्र बघायला येत. पहिल्याच दिवशी त्यांनी त्याच्या अंगातल्या लेफ्टनंटच्या कोटाची कॉलर सरळ केली. "ह्यूचीही इकडेच वळायची," म्हणाल्या. येताना केशर घातलेले पाव आणत. "खा रे. शेवटच्या घडीला तू त्याच्याजवळ होतास, मला तेवढंच पुष्कळ आहे."

पाव तो तसाच घरी नेई.

मग हात रंगवायची वेळ आली. बाई समोरच बसल्या होत्या. "तलवारीची मूठ घट्ट धर," लाइल म्हणाला. जेथ्रोने ती दोन बोटांनीच धरली. "अरे, तलवार आहे ती, चावत नाही."

जेथ्रोने मूठ सोडून दिली.

"बाईसाहेब, वादळात साहेब कठड्यावरून खाली गेले, तेव्हा त्यांचा दोर माझ्या हातात होता."

"ठाऊक आहे. दोर तुटला, कॅप्टननी सांगितलं मला."

"तुटला नाही. लाट आली, आता मीही जातो असं वाटलं. मी सोडला."

लाइलचा कुंचला हातातच राहिला. बाईंनी विचारलं, "काही बोलला तो?"

"नाही. माझ्याकडे बघत होते."

बाई उठल्या. जेथ्रो कोटाची बटणं काढू लागला.

"दुसरा कोणी बघू का?" लाइलने हळूच विचारलं.

"नको. यालाच उभा करा. पुरं होईपर्यंत."

त्यानंतर त्या चित्र बघायला आल्या नाहीत. जेथ्रो मात्र रोज जाऊन उभा राहिला. लव्हडेला त्याने सगळं सांगितलं. "मला आधी सांगायचंत," एवढंच ती म्हणाली.

चित्र ट्रेगॅरिकांच्या दिवाणखान्यात लागलं. बाई आता गावभर बोलतील, लोक दारात येऊन थुंकतील, याची जेथ्रो वाट बघत राहिला. तसं झालं असतं तर त्याला हलकं वाटलं असतं. पण बाई कोणापाशी चकार शब्द बोलल्या नाहीत. रविवारी चर्चमधून बाहेर पडताना इतरांना देत तशीच त्यालाही मानेने ओळख देत. त्या दिवशी घरी आल्यावर तो जेवायला बसत नसे, आणि लव्हडेही आग्रह करत नसे.