तिची कॉलेजातली जागा

खुनाच्या आणि दरोड्याच्या तपासांतली कितीतरी नावंगावं आता मला आठवत नाहीत. पण ज्या गुन्ह्यात कुणाला साधा ओरखडाही आला नव्हता, तो एक गुन्हा जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे आणि आठवला की अजूनही डोकं तापतं.

सुरतेतली, चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतरच्या एक-दोन वर्षांतली ही गोष्ट. मी कतारगाम भागातल्या एका पोलीस ठाण्यात फौजदार होतो. आमचं घर मूळचं खानदेशातलं, दोन पिढ्यांपासून गुजरातेत स्थायिक. त्यामुळे यंत्रमागांवरच्या, म्हणजे लूमवरच्या, खानदेशी कामगारांच्या वस्तीतलं काही प्रकरण आलं की वरिष्ठ ते माझ्याकडे सरकवायचे. "तुमची भाषा आहे, तुम्हीच बघा," एवढं म्हटलं की त्यांचं काम संपायचं. नावं मी कुणाचीच घेणार नाही. ज्याचं घ्यावंसं वाटतं, तो माणूस आता हयात नाही.

एके सकाळी हजेरी आटोपून बसलो होतो, तेव्हा कामरेजचा एक हॉटेलवाला भेटायला आला. काठियावाडी माणूस, हायवेला लागून चहा-नाश्त्याचं दुकान. त्याची स्कूटर आमच्या हद्दीतून चोरीला गेली होती, म्हणून ओळख. स्कूटरचं बोलून झालं तरी तो उठेना.

"साहेब, एक विचारू? कतारगामला त्या आंधळ्या मुलीसाठी फंड जमवतात ना, तुमच्या मराठी मुलीसाठी? तिला कॉलेजला पाठवायचंय म्हणून?"

"हो. त्याचं काय?"

"नवरात्रीत इथे आलो होतो तेव्हा मी तिला स्टेजवर बघितलं होतं. डब्यात पैसे पण टाकले. परवा तीच मुलगी आमच्याकडे कामरेजला आली. नाव तेच, गोष्ट तीच, डबा तोच. तोंड वेगळं."

"काळा चष्मा असतो तिला. तुमची चूक होत असेल."

"मला पण तसंच वाटलं. म्हणून नीट बघत राहिलो. माझ्याच हातून टेबलावर चहा सांडला. ओघळ तिच्या बाजूला गेला. कोणी काही बोललं नाही, साहेब, पण त्या मुलीनं साडी सावरली आणि पाय मागे घेतला."

असा माणूस खबऱ्या म्हणून मिळाला असता तर मी त्याला सोडलं नसतं. बहुतेक लोक बघतात तेच, जे त्यांना आधी सांगितलेलं असतं. यानं समोरचं बघितलं होतं.

त्या फंडाबद्दल मी ऐकून होतो. मुलगी एकोणीस वर्षांची. लहानपणी गोवर येऊन दृष्टी गेली. वडील लूमवर, राहायला कोसाडच्या वसाहतीत. अंधशाळेत राहून ती बारावी चांगल्या मार्कांनी पास झाली आणि दुसऱ्या शहरातल्या एका कॉलेजात तिला जागा मिळाली. तिथे दृष्टिहीन मुलामुलींना फिजिओथेरपी शिकवायचे, म्हणजे हाडांच्या आणि स्नायूंच्या दुखण्यावर हातानं आणि व्यायामानं उपचार करायचे. फी आणि वसतिगृहाचा खर्च बापाच्या आवाक्याबाहेरचा होता. सुरुवातीला वसाहतीतल्या बायकांनीच आपापसांत वर्गणी काढली. मग खानदेशी समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष पुढे आले आणि त्यांनी सगळं हातात घेतलं. गणपतीत, नवरात्रीत, कापड मार्केटात, जिथे चार माणसं जमतील तिथे तिला उभी करून, काळ्या चष्म्यातल्या मुलीचं चित्र असलेला डबा फिरवू लागले.

मी साध्या कपड्यांत कोसाडला गेलो. वडील रात्रपाळी करून आले होते, कानात अजून लूमचा खडखडाट असल्यासारखे मोठ्यानं बोलत होते. अध्यक्षांचं नाव काढताच त्यांनी हात जोडले.

"देवमाणूस शे तो, साहेब. त्याना उपकार शेतस आमनावर. कोनी काय सांगं तुमले?"

मुलगी भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "बाबा, साहेबांना माझ्याशी बोलू द्या."

मी विचारलं, "कॉलेज जूनमध्ये सुरू झालं. तू गेली का नाहीस?"

"अध्यक्षकाका म्हणाले, या वर्षी जागा कमी झाल्या, तुझा नंबर पुढच्या वर्षावर गेला. मी म्हटलं, मला फोन लावून द्या, मी बोलते. तर म्हणाले, तिथला फोन बंद आहे. एवढ्या मोठ्या कॉलेजचा फोन सहा महिने बंद असतो का?"

"स्टेजवर जाणं कधी सोडलंस?"

"नवरात्रीतच. एका रात्री त्यांनी माझी काठी काढून घेतली. म्हणाले, काठीशिवाय माइकपर्यंत ये. मी खुर्चीला अडखळून पडले. खाली उतरल्यावर कुणीतरी काकांना म्हणालं, आज डबा चांगला भरला. दुसऱ्या दिवशी मी घरी सांगितलं, मी आता जाणार नाही."

वडिलांनी मान खाली घातली. मला तिथेच उठून अध्यक्षांच्या घरी जावंसं वाटलं. पण तपासात राग पुढे आणि कागद मागे असं चालत नाही. गेलो नाही.

ठाण्यात येऊन मी एसटीडीवरून त्या कॉलेजात फोन लावला. फोन बंद नव्हता. पहिल्याच खेपेला लागला. तिथल्या अधीक्षिका बाईंना मुलीचं नाव सांगताच त्यांना सगळं आठवलं.

"आम्ही वाट बघत होतो तिची. मुलाखतीत फार हुशार वाटली होती. पण कॉलेज सुरू व्हायच्या आधी तिच्या काकांचा फोन आला. म्हणाले, मुलीचं लग्न ठरलंय, जागा दुसऱ्याला द्या. आम्ही दिली. का हो, सुखात आहे ना ती?"

पुन्हा कळवतो, एवढं म्हणून मी फोन ठेवला. बाईंचं बोलणं शब्दशः टिपून ठेवलं. पैसे खाणारे मी पुष्कळ पाहिले होते. पण या माणसाचं गणित वेगळं होतं. मुलगी कॉलेजात गेली असती तर फंड बंद झाला असता. ती घरी बसून राहिली तरच डबा फिरत राहणार होता. म्हणून त्यानं तिची जागाच परस्पर सोडून दिली होती. ज्या शिक्षणाच्या नावानं तो हात पसरत होता, तेच शिक्षण त्यानं स्वतः बंद पाडलं होतं.

दुसऱ्या दिवशी बापलेकीला बोलावून मी हे सांगितलं. वडिलांचा आवाज आणखी चढला.

"लगीन? मनी पोरनं लगीन? आनि माले माहित नही?"

मुलगी रडली नाही. तिनं विचारलं, "ती जागा आता कुणाला मिळाली?"

"दुसऱ्या एका मुलीला."

"तीपण आंधळी असेल ना? मग तिची नाही काढून घ्यायची. पण काकांना सोडू नका."

वडील तक्रार द्यायला कचरत होते. त्यांना राहायची खोली अध्यक्षांच्या शब्दावर मिळाली होती, समाजात राहायचं होतं. मी म्हटलं, मुलगी सज्ञान आहे, फिर्याद तीच देईल. जमादारांनी फिर्याद लिहून वाचून दाखवली आणि सवयीनं अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढे ओढला. डबीचा आवाज ऐकून ती म्हणाली, "सही करते. फक्त जागा दाखवा." जमादारांनी तिचं बोट कागदावर ठेवलं. तिनं ठसठशीत सही केली. विश्वासघात आणि फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला.

कामरेज ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत, पण त्यांनी सहकार्य केलं आणि तिथे फिरणारी दुसरी मुलगी सापडली. जरीकामाच्या कारखान्यात काम करणारी गरीब पोर. महिला कॉन्स्टेबलसमोर तिनं सगळं सांगून टाकलं. खरी मुलगी तापानं आजारी आहे, तिच्या जागी थोडे दिवस बस, पुण्याचं काम आहे, असं अध्यक्षांनी तिला पटवलं होतं. चष्मा त्यांनीच दिला होता. तिला आम्ही साक्षीदार केलं.

मग अध्यक्षांना बोलावलं. ते पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, बरोबर पाचपन्नास माणसं घेऊन आले. ते येण्याआधीच दोन फोन येऊन गेले होते. एका वरिष्ठांनी तर स्पष्टच सांगितलं, "समाजसेवक आहे, हिशेबात चुकला असेल. मिटवून टाका." मी म्हटलं, सर, हिशेबाचा प्रश्नच नाही. तर म्हणाले, "मग कसला आहे?" त्यांना समजावणं माझ्या पगारात बसत नव्हतं.

अध्यक्ष माझ्यासमोर तासभर बसले आणि एका प्रश्नाला अडखळले नाहीत. दुसरी मुलगी? कार्यकर्त्यांचा आगाऊपणा. पैसे? मंडळाच्या खात्यात सुरक्षित. कॉलेजला फोन? छे, आपण कशाला करू. त्यांच्या घरावर नवा मजला चढत होता, तो भावाच्या पैशांचा. आवाज चढला नाही, कपाळाला घाम नाही. मधेच मला म्हणाले, "साहेब, तुम्ही आपल्यातले. समाजाचं नाव खराब करू नका." हात उगारण्याची इच्छा मी टेबलाखाली दाबून धरली होती.

मुलगी पुरवणी जबाबासाठी बाहेर बसली होती. मी तिला आत बोलावलं आणि खुर्ची दिली. समोर कोण आहे ते सांगितलं.

ती म्हणाली, "काका, कॉलेजला फोन तुम्ही केला होता का?"

आणि तासभर माझ्यासमोर गुळगुळीत खोटं बोललेला तो माणूस तिच्याकडे वळून समजुतीच्या सुरात म्हणाला, "बेटा, तू शांतपणे विचार कर. परकं शहर, एकटी पोर, त्यात डोळ्यांनी दिसत नाही. काही झालं असतं तर लोकांनी मलाच विचारलं असतं. इथे तुला काय कमी होतं? तुझ्या नावानं लोक देत होते, घराला हातभार लागत होता. कॉलेजात जाऊन तू काय करणार होतीस?"

"म्हणजे फोन तुम्हीच केला."

"तुझ्या भल्यासाठी केला."

जमादारांचं पेन थांबलं. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं, आपण काय बोललो. माणूस पोलिसाशी सावधपणे खोटं बोलतो, कारण तो पोलिसाला भितो. ज्याला तो काडीची किंमत देत नाही, त्याच्यापुढे खोटं बोलण्याचेही कष्ट घेत नाही. ती मुलगी त्यांच्या लेखी डब्यावरचं चित्र होती. चित्रासमोर कोण कशाला जपून बोलेल?

पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात टिकत नाही, हे त्यांना आणि मला दोघांनाही ठाऊक होतं. पण आता कुठे शोधायचं ते मला कळलं होतं. मंडळाच्या कार्यालयाखालीच पैसे देऊन फोन करायचा एक पीसीओ बूथ होता. तिथल्या माणसाला तो फोन पक्का आठवत होता. लग्न ठरल्याचं कानावर पडलं म्हणून त्यानं अध्यक्षांकडे पेढे मागितले होते आणि अध्यक्षांनी हसून "देऊ, देऊ" म्हटलं होतं. पंचांसमक्ष त्याचा जबाब घेतला. अधीक्षिका बाई स्वखर्चानं सुरतेला येऊन जबाब देऊन गेल्या. त्या संध्याकाळी अध्यक्षांना अटक झाली.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती आनंदानं सांगितली असती. दोन दिवसांत त्यांना जामीन मिळाला आणि बाहेर हार घालायला माणसं उभी होती. मार्केटातले व्यापारी साक्ष द्यायला तयार होईनात. "दान केलं, विसरलो," म्हणून हात झटकायचे. मंडळाकडून जप्त केलेली रक्कम मुद्देमाल म्हणून कोर्टाच्या ताब्यात गेली आणि तिथेच अडकली. जिच्यासाठी ती जमली होती, तिलाच ती मिळेना. वसाहतीत लोक वडिलांना टोचून बोलू लागले, एका पोरीपायी समाजाची अब्रू घालवली म्हणून. मी आरोपपत्र कसं लिहायचं या विचारात बसायचो. पैशांसाठी कलमं होती. मुलीचं वर्ष चोरल्याचं कलम मला पुस्तकात सापडलं नाही.

पुढच्या जूनमध्ये ती गेली. पुन्हा मुलाखत दिली, पुन्हा निवड झाली. कॉलेजनं वसतिगृहाची फी माफ केली आणि बाकीचं त्याच बायकांनी जमवलं, ज्यांनी पहिल्यांदा वर्गणी काढली होती. या खेपेला डबा नव्हता, स्टेज नव्हतं, तिचा फोटो नव्हता. हा तिचाच आग्रह होता. जे दिलं ते तिच्या हातात दिलं.

स्टेशनवर मी निरोपाला गेलो होतो. वडील तिला म्हणाले, "साहेबना पाया पड, बेटा."

ती म्हणाली, "नाही, बाबा." मग माझ्या आवाजाच्या दिशेनं वळली. "राग मानू नका, साहेब. हे माझंच होतं. मी मागच्या वर्षीच जायला हवं होतं."

वडील ओशाळले. मला मात्र, त्या सबंध तपासात पहिल्यांदाच, कुणीतरी सरळ बोलल्यासारखं वाटलं.

खटला अनेक वर्षं रखडला. शेवटी शिक्षा झाली ती किरकोळ, आणि अपिलात तीही कमी झाली. अध्यक्ष पुन्हा व्यासपीठांवर दिसू लागले. माझ्या सेवापुस्तिकेत या तपासाबद्दल चांगला शेरा आहे, रक्कम हस्तगत केल्याबद्दल. तिच्या कॉलेजातल्या जागेचा उल्लेख कुठेच नाही.

या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली. अपंग माणसाला मदत करणारे आपण सगळेच थोडेसे त्या अध्यक्षांसारखे वागतो. देण्याच्या बदल्यात आपल्याला त्याची लाचारी बघायची असते, त्यानं अडखळावं, हात जोडावेत, आभार मानावेत असं वाटतं. अध्यक्षांनी फक्त हे ओळखलं आणि त्याचा धंदा केला. निवृत्तीनंतर आजही कुणी असा फंड घेऊन दारात आलं की मी आधी विचारतो, ज्याच्यासाठी जमवताय त्याच्याशी माझं बोलणं करून द्याल का. बहुतेक जण म्हणतात, त्याला कशाला त्रास. त्यांना मी दारातूनच परत पाठवतो.