पांढऱ्या पेशींचा आकडा

रक्त तपासताना त्यात मिसळायच्या त्या जांभळ्या द्रावणाचा आंबूस, झोंबणारा वास आठवला, की दुष्काळातली ती दुपार समोर उभी राहते: तालुक्याच्या दवाखान्यातली माझी तपासणीची खोली, खिडकीतून कलत चाललेलं ऊन, आणि ते आरशावर झेलून सूक्ष्मदर्शकाखाली रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजणारा निर्विकार मी.

जखमेचं विष रक्तात भिनलं, की या पेशी वाढतात. विष शिरजोर झालं, की एकाएकी ओसरतात. असं ओसरलेलं रक्त ज्याचं, तो माणूस सहसा वाचत नसे. हे मी इतक्यांदा पाहिलं होतं, की माझ्या आकड्याचा दवाखान्यात दबदबा झाला होता. "काय चित्रगुप्त, आज कुणाचं पान उघडलंत?" सिस्टर चेष्टेनं विचारत, आणि मला, लिहितानाही लाज वाटते, ते आवडे.

कौसल्या वाशीकडच्या एका खेड्यातली. दुष्काळी कामावर खडी फोडताना पायात कपची घुसली, पाय सुजला, तापानं शुद्ध हरपत चालली. तिचं रक्त घेतलेल्या काचेच्या नळीत मला बारीक गुठळी दिसली होती. गुठळीत पेशी अडकतात, आकडा खोटाच कमी येतो. रक्त पुन्हा घ्यायला हवं होतं. पण ऊन आरशावरून सरकत होतं, आणि तिचा चेहरा पाहून उत्तर मला आधीच ठाऊक आहे, असं वाटलं. मोजलं. कमी आलं. लिहून दिलं.

डॉक्टर म्हणाले, आशा कमी आहे, तरी इंजेक्शनं चालू ठेवू. तिची सासू सोनाबाई मात्र माझ्या दाराशी आली.

"सायेब, खरं सांगा. पोरगी ऱ्हाती का न्हाय? जायचीच आसंल तर घरी न्हेते. परक्या खाटंवर नगं."

"न्या," मी म्हणालो.

महिन्याभरानं सोनाबाई बाजाराला आली, तशी मुद्दाम मला भेटायला आली. "लई उपकार झाले सायेब. तुमच्यामुळं घरच्या उंबऱ्यात गेली. नऊ दिस व्हती. सातव्या दिशी उठून बसली, भाकरी मागितली. आमाला वाटलं, सायेबाचा आकडा चुकला." ती किंचित हसली. "पर न्हाय चुकला."

नऊ दिवस, एका सुईवाचून! आजही चरफडतो मी. त्या उन्हावर, त्या गुठळीवर, सोनाबाईच्या कृतज्ञतेवरसुद्धा. कौसल्येचा खरा आकडा काय होता, हे आता कुठल्याच भिंगाखाली दिसणार नाही.

त्या दिवशी मी नुसती मान खाली घातली. सोनाबाईला ते दुःख वाटलं असावं. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.