इतिहासभाईचा टेबलफॅन

मामूच्या चष्म्याच्या दुकानात काचा पुसता पुसता या गड्याला इतिहासाचं वेड कधी लागलं, ते मामूलाही सांगता येणार नाही. गिऱ्हाईक नंबर विचारी, हा सनावळी सांगे. मोहल्ल्यानं त्याचं नावच इतिहासभाई ठेवलं. त्यालाही ते आवडलं. नसतं आवडलं तरच नवल.

त्याचा इतिहास मोठा सुटसुटीत होता. आपण मुसलमान एके काळी बादशहा होतो, मग गोरे आले आणि सगळं बिघडलं. त्याच्या लेखी त्या काळी पाणी भरणारा, जोडे शिवणारा मुसलमान नव्हताच. जो तो तख्तावर. नळाला पाणी नाही? गोरे. पोरांना नोकऱ्या नाहीत? गोरे. स्वतः बारावीला दोनदा आपटला, तोही गोऱ्यांनी परीक्षा काढल्या म्हणून. बादशहांनी कुणाचं काय घेतलं होतं, असं कुणी विचारलं की त्याला नेमका दुकानातून फोन यायचा.

घरात अम्मी, तो आणि थोरली बहीण. ही आपा समोरच्या खोलीत दहावीच्या मुलींना गणित शिकवायची. खोलीत उजेड छान, म्हणून भाईनं मोबाइलवर भाषणं रेकॉर्ड करायला फक्त एक कोपरा मागितला.

"तुझ्या मुलींना काडीचाही त्रास होणार नाही, आपा."

आपानं दिला. मग कोपऱ्यात मोठा दिवा आला. दिव्याच्या रक्षणासाठी दाराला कुलूप आलं, आणि किल्ली अर्थातच भाईच्या खिशात गेली. रेकॉर्डिंग चालू असताना कुणी बोलायचं नाही, असा हुकूम निघाला. बघता बघता फळा, मुली आणि आपा जिन्याखालच्या बोळकांडीत जाऊन बसल्या. तिथं भर दुपारी बल्ब लावावा लागे. परीक्षा तोंडावर आलेली. काही आयांनी मुलींना पाठवणंच बंद केलं. आणखी थोड्या गेल्या की शिकवणी गुंडाळावी लागणार, हे आपाला स्वच्छ दिसत होतं. ती भांडली, रागानं रडली. भाई उलट दुखावला.

"या बोळकांडीत टेबलफॅन कुणी आणून दिला? आधी होता का इथं पंखा?" तो म्हणाला. "जरा तरी जाण ठेव!"

शुक्रवारच्या नमाजानंतर मोहल्ल्यातली पोरं त्या खोलीत त्याच्या भाषणाला जमायची. परवाच्या शुक्रवारी एकानं चाचरत विचारलं, "पण भाई, गोऱ्यांनी रेल्वे तर दिली ना?"

भाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"रेल्वे मागितली होती कुणी? घर बळकावायचं आणि वर उपकार मोजायला लावायचे! आणि जायची वेळ आली तेव्हा काय म्हणाले, माहितीये?"

त्यानं छाती पुढे काढली आणि नाकातून आवाज काढत आपली नेहमीची नक्कल केली. "आम्ही गेल्यावर तुम्हाला हे सगळं सांभाळता तरी येईल का?"

पोरं हसून लोळली. हा भाईचा हुकमी एक्का होता.

भिंत पातळ, बोळकांडीत शब्दन् शब्द ऐकू येत होता. दार उघडून आपा आत आली. हातात टेबलफॅन, मागे लोंबणारी वायर. तिनं तो पंखा भाईच्या पुढ्यात ठेवला.

"ही घे तुझी रेल्वे," ती म्हणाली. "मला माझी खोली हवी. आत्ता."

मोबाइल चालूच होता. भाईला एवढ्या सनावळ्या पाठ, पण वेळेला एकही धावून येईना. मग मनात होतं तेच बाहेर पडलं.

"अगं आपा, हा दिवा, हे कुलूप... मी गेल्यावर तुला हे सगळं सांभाळता तरी येईल का?"

खोली हास्यानं दणाणली. पोरांना वाटलं, भाईनं पुन्हा नक्कल केली.

"वा भाई!" मागून एकजण ओरडला. "आज तर अगदी हुबेहूब!"

आपा तेवढी हसली नाही. तिनं किल्लीसाठी हात पुढे केला, आणि भाईनं मुकाट्यानं खिशात हात घातला.