माझी माशी, यांचा हात

मैत्रिणींनो, आज दुपारचं मनातून जात नाही, म्हणून लगेच लिहायला बसले.

मासे फसवायला गळावर दोरा-लोकर गुंडाळून खोटी माशी बांधणं म्हणजे यांचा जीव की प्राण. निजाम सरकारची नोकरी संपली आणि यांचे हात थरथरू लागले, म्हणून ते काम मी शिकले. मेण लावलेल्या दोऱ्यावर मेंढीची लोकर पिळायची. माझ्या बोटांना वाती वळायची सवय, त्यामुळे लोकर जाडच बसायची.

"ही माशी आहे की समईतली वात?" हे चिडवायचे.

आज सकाळी अगदी चिमूटभर लोकर घेतली, एकाच दिशेनं पिळली. बारीक, नेटकी बसली. "जमलं गं तुला," म्हणाले. कॉन्व्हेंटात भरतकामाचं बक्षीस मिळालं तेव्हाही इतकी हरखले नव्हते.

दुपारी पाटोद्याचे देशमुख आले. माशी उजेडात धरून म्हणाले, "रावसाहेब, हात लई साफ हाय बरं तुमचा अजून!"

यांनी थरथरता हात शालीखाली घेतला. "सवय आहे," म्हणाले. मी तिथंच चहा ओतत होते.

देशमुख गेल्यावर मला म्हणाले, "त्यांनाही एक बांधून दे. लोकर आणखी थोडी कमी घे."

दोऱ्याला मेण लावून ठेवलंय, पण बोटं पुढं जात नाहीत. तुम्ही बांधली असती का?